एका रुपयाचे छायाचित्र

वृत्तछायाचित्रकारिता, म्हणजे घडलेली गोष्ट छायाचित्रातून आणि त्याखालच्या दोन ओळींतून वाचकापर्यंत पोचवण्याची विद्या, युद्ध, दंगल, महापूर, निवडणूक अशा मोठ्या प्रसंगी नावारूपाला येत असली, तरी ती शिकली जाते बहुधा फार लहान जागी. शाळेचे स्नेहसंमेलन, तालुक्याच्या क्रीडास्पर्धा, गल्लीतील गणेशोत्सव, ग्रामदैवताची जत्रा, महिला मंडळाची सहल आणि वाचनालयाचा वर्धापनदिन हे तिचे पहिले वर्ग होत. वृत्तपत्रांच्या कार्यालयांत या कामाला दुय्यम मानण्याची रीत जुनी आहे. नव्या उमेदवाराला ‘गॅदरिंग करून ये’ असे सांगितले जाते, तेव्हा सांगणारा आणि ऐकणारा असे दोघेही ते काम हाताला वळण लागेपर्यंतचे आणि पुढे सोडून द्यायचे, असेच धरून चालतात. या समजुतीत विद्येच्या गाभ्याकडेच दुर्लक्ष होते. अशा कार्यक्रमांत छायाचित्रकाराला मिळणारे एक शिक्षण नंतर क्वचितच मिळते, ते असे की ज्यांचे छायाचित्र काढले त्यांच्या समोर दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात आणि पुढच्या वर्षीही त्याला उभे राहावे लागते.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांची सुरुवात या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीच्या एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला, वडील फिरत्या पारशी नाटक कंपनीत होते, आणि कुटुंब मुंबईला आल्यावर होमाईंचे शिक्षण या शहरात झाले. पुढे त्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो माणेकशा व्यारावाला यांच्यामुळे. ते छायाचित्रणाचा छंद असलेले गृहस्थ होते आणि पुढे होमाईंचे पती झाले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस होमाईंची पहिली छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आली, विषय होता मुंबईतील स्त्रियांच्या एका क्लबची सहल, आणि मोबदला होता प्रत्येक छायाचित्रामागे एक रुपया. फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये सुरू केलेले हे दैनिक राष्ट्रीय चळवळीचे मुखपत्र म्हणून गाजलेले होते. त्याच्या पानावर सहलीला गेलेल्या स्त्रियांना जागा मिळावी, यातच शहराचे सार्वजनिक जीवन कसे बदलत होते याची खूण आहे.

सहलीत रूढ अर्थाने बातमी नसते, म्हणजे कोणी मरत नाही, निवडून येत नाही आणि भाषणही करत नाही. त्यामुळे छायाचित्रकाराला प्रसंगाच्या मोठेपणाचा आधार घेता येत नाही. चित्रात काही असावे असे वाटत असेल तर ते माणसांच्या हालचालीतून, एकमेकींकडे पाहण्याच्या ढंगातून, डबे उघडण्याच्या लगबगीतून त्याला स्वतः शोधावे लागते. मोठी घटना मध्यम कुवतीच्या छायाचित्रालाही तारून नेते, कारण वाचक घटनेसाठी ते पाहतोच. सहलीचे छायाचित्र मात्र स्वतःच्या गुणावर उभे राहते किंवा पडते. जे. जे.च्या आवारात होमाईंनी आपल्या सहाध्यायी मुलींची जी छायाचित्रे काढली, त्यांतही हेच शिक्षण दिसते. त्या मुलींना कॅमेऱ्यामागची व्यक्ती माहीत होती, ती त्यांच्यातलीच होती, आणि म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्यासमोर येणारा ताठरपणा उतरलेला नाही.

त्या काळच्या उपकरणाचाही यात वाटा होता. होमाई ज्या रोलीफ्लेक्सवर काम करत, तो दोन भिंगांचा कॅमेरा असतो. वरच्या भिंगातून आलेली प्रतिमा आरशावरून परावर्तित होऊन माथ्यावरच्या काचेवर पडते आणि खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उमटते. हा कॅमेरा डोळ्याला न लावता पोटाशी धरून, मान खाली घालून पाहावा लागतो, काचेवर डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते, आणि एका रोलमध्ये फक्त १२ चित्रे निघतात. समोरच्या माणसावर शस्त्र रोखल्यासारखे होत नाही, कारण छायाचित्रकार जवळजवळ नमस्कार केल्यासारखा वाकलेला असतो. आणि बाराच चित्रे असल्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी मनाशी निवड करावी लागते. आजचा साधा डिजिटल कॅमेराही सेकंदाला अनेक चित्रे सहज टिपतो, त्यामुळे निवड नंतर संगणकासमोर बसून करता येईल असे शिकाऊ छायाचित्रकाराला वाटू लागते. जो नंतर निवडायचे ठरवतो तो त्या क्षणी पाहत नाही, हे अनुभवी प्रशिक्षकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. स्नेहसंमेलनाला पाठवताना विद्यार्थ्याला ‘आज बाराच फोटो’ असे बंधन घालणे हा त्यावरचा साधा आणि परिणामकारक उपाय आहे.

शाळा आणि छायाचित्रण यांचे नाते मुंबईत होमाईंच्याही बरेच आधीचे आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग उघडला. नंतर मुंबईचे नामांकित छायाचित्रकार झालेले हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गात शिकले. अर्थात तेव्हाच्या तंत्रात धावते मूल टिपणे शक्य नव्हते, कारण चित्र उमटायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ माणसाला निश्चल बसवावे लागे.

आता स्नेहसंमेलनाच्या सभागृहाकडे वळावे, कारण या विषयातील बहुतेक सारे धडे त्या एका संध्याकाळी मिळतात. पहिला धडा प्रकाशाचा. फ्लॅशचा प्रकाश अंतराबरोबर फार वेगाने क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा न राहता एक चतुर्थांश होतो, तिप्पट झाले की एक नवमांश. म्हणून मागच्या रांगेतून फ्लॅश मारणाऱ्याच्या चित्रात पुढे बसलेल्या पालकांची डोकी पांढरीफटक येतात आणि रंगमंचावरची मुले काळोखात राहतात. रंगमंचाच्या दिव्यांवरच काम भागवायचे तर भिंगाचे छिद्र मोठे उघडावे लागते आणि संवेदनक्षमता, म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत आयएसओ, वाढवावी लागते. चित्रात थोडी रवाळ खरखर येते, पण ती अंधारापेक्षा पत्करते. सभागृहातील ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात, आणि शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही तर चित्रावर आडवे पट्टे उठतात; वेग १/१०० सेकंद ठेवला की ते बहुधा नाहीसे होतात, मात्र तेवढ्या वेगात लेझीमचा हात धूसर येतो. दोन्ही एकदम साधत नाही, आणि काय सोडायचे हे चित्रात काय सांगायचे आहे त्यावर ठरते. तंत्राचा प्रत्येक प्रश्न शेवटी असा आशयाच्या प्रश्नाशी येऊन थांबतो.

दुसरा धडा जागेचा आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. बक्षीस समारंभाचे ठरलेले छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे: प्रमुख पाहुणे, प्रमाणपत्र, मधे मूल, आणि तिघाचौघांच्या नजरा कॅमेऱ्याकडे. ते काढावेच लागते, कारण संस्थेला आणि पालकांना ते हवे असते आणि ही अपेक्षा गैर नाही. परंतु त्याच वेळी रंगमंचाच्या उजव्या अंगाला, तीन लाकडी पायऱ्यांपाशी, पुढच्या नाचातल्या मुली रांगेत उभ्या असतात. मोठ्या बहिणीच्या मापाची नऊवारी त्यांना सेफ्टी पिनांनी बसवलेली असते, नथ दाबून लावल्यामुळे नाक लाल झालेले असते, एकीच्या हाताला काठाशी ओढून धरायची सवय लागलेली असते, आणि बाईंचे बोट ओठांवर असते. पडद्याच्या फटीतून येणारा उजेड त्या चेहऱ्यांवर तिरका पडतो, तो भिंतीवर परतून पुन्हा मऊ होतो, आणि रंगमंचावरच्या भडक निळ्या-तांबड्या झोतांत जे भाव वितळून जातात ते येथे स्वच्छ दिसतात. रंगमंचावरचे चित्र कार्यक्रम झाला एवढे सांगते. तो कोणासाठी किती मोठा होता हे पायऱ्यांपाशी उभ्या असलेल्या मुलींच्या चित्रातून कळते. तेथे उभे राहायला परवानगी लागते, ती बाईंच्या विश्वासावर मिळते, आणि तो विश्वास मागच्या वर्षीच्या वागणुकीतून आलेला असतो.

तिसरा धडा वेळेचा. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकामुळे ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना रूढ झाली. हालचाल, आकार आणि अर्थ एका चौकटीत जुळून येतात तो क्षण, असा तिचा ढोबळ आशय आहे. शिकाऊ मंडळी हा क्षण म्हणजे नशिबाने गवसणारी वीज समजतात, आणि येथे सार्वजनिक कार्यक्रम त्यांचा मोठा गुरू ठरतो, कारण कार्यक्रमपत्रिका हातात असते, पुढे काय होणार हे ठाऊक असते, आणि वाट पाहण्याची सवय लागते. पंढरीच्या वाटेवरील रिंगण हे याचे सर्वांत चांगले उदाहरण होय. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातील पहिले उभे रिंगण तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाला होते, गोल रिंगणे पुढे होतात. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो आणि दुसरा, माउलींचा मानला जाणारा अश्व, स्वाराविना धावतो. अश्वांचा वेग टिपायला १/१००० सेकंदाचे शटर पुरते आणि तेथे जमलेले बहुतेक कॅमेरे तेवढेच टिपून खाली येतात. अश्व निघून गेल्यावर मात्र वारकरी टापांखालची माती उचलण्यासाठी धाव घेतात, कोणी ती कपाळाला लावतो, कोणी पदराच्या टोकाला बांधतो. रिंगणाचा अर्थ त्या मातीत आहे, आणि जो छायाचित्रकार कॅमेरा डोळ्याखाली न आणता आणखी अर्धा मिनिट थांबतो त्यालाच तो सापडतो. असे थांबणे एकदा पाहून येत नाही. दोन-तीन वाऱ्या झाल्यावरच पाय कोठे रोवावेत हे कळते.

पुण्यातील गणेशोत्सवाचेही असेच आहे. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांच्या नावाने ओळखली जाणारी ढोल-ताशा पथके तेथे आहेत; एकाच वर्तुळात शाळा, माजी विद्यार्थी आणि शहराचा उत्सव आलेला असल्यामुळे पथकातल्याच एखाद्या मुलाने कॅमेरा घेतला तर त्याला सरावाच्या मैदानापासून विसर्जन मिरवणुकीपर्यंतची सारी गोष्ट आतून दिसते. मिरवणुकीच्या दिवशी येणाऱ्या शेकडो कॅमेऱ्यांना टिपरूच्या घावाने फुटलेली आणि पट्टीने बांधलेली बोटे दिसत नाहीत, कारण त्यांना सरावाचे आठवडे दिसलेले नसतात.

चौथ्या धड्याला बहुतेक अभ्यासक्रमांत दोन ओळी मिळतात, पण त्याचे मोल फार मोठे आहे. तो धडा फोटोओळीचा. फोटोओळ म्हणजे छायाचित्राखालचा मजकूर. त्यात कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे या सहा ककारांपैकी जे चित्रातून कळत नाही ते सांगायचे असते. ‘छायाचित्रात डावीकडून’ अशी सुरुवात करून पाच मुलांची नावे लिहायची म्हणजे ती पाच मुले पांगण्याच्या आत वहीत उतरवून घ्यावी लागतात, नाव, वडिलांचे नाव, आडनाव, इयत्ता आणि तुकडी, आणि मग प्रत्येक नाव त्या मुलालाच वाचून दाखवावे लागते. शिर्के आणि शिर्केकर, मिताली आणि मैथिली, सावंत आणि सामंत यांत होणारी चूक मंत्रालयाच्या बातमीतल्या चुकीएवढी गाजत नाही, परंतु जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर आलेले ते कात्रण त्या घरात भिंतीवर लागते, पाहुण्यांना दाखवले जाते, आणि त्यातले चुकलेले नाव तेथे वर्षानुवर्षे तसेच राहते. ज्याने आपल्याच आळीतल्या मुलीचे नाव एकदा चुकवले आणि रोज तिच्या दारावरून जाण्याची वेळ आली, तो पुढे अपघातातील मृतांची यादी लिहिताना हात आखडूनच लिहितो.

नावाच्या या प्रश्नाला होमाईंच्या चरित्रात एक दुखरी बाजू आहे. ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’मध्ये त्यांची सुरुवातीची छायाचित्रे माणेकशांच्या नावाने छापली जात होती, कारण त्या अपरिचित होत्या आणि स्त्री होत्या. ज्या व्यवसायात चित्रातल्या शेवटच्या माणसाचेही नाव बिनचूक द्यावे लागते, त्याच व्यवसायाने चित्र काढणारीचे नाव वर्षानुवर्षे वगळले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. आजही शाळांच्या वार्षिकांत आणि मंडळांच्या अहवालांत चित्रे छापली जातात ती बहुधा श्रेयाविना. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ छायाचित्राला कलाकृती मानतो आणि छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याला संरक्षण देतो. नववीतल्या मुलाने काढलेल्या चित्राखाली त्याचे नाव छापणे ही कोणी केलेली मेहेरबानी ठरत नाही, तो त्याचा हक्क आहे.

मुलांचे छायाचित्र घ्यावे की नाही आणि घेतलेले छापावे की नाही, हा प्रश्न याच वर्गात पहिल्यांदा समोर येतो. कायद्याची चौकट काही बाबतींत अगदी स्पष्ट आहे: लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ मनाई करते, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या तसेच कायद्याशी संघर्ष आलेल्या बालकांची ओळख छापण्यावर बंदी घालते. बंदी नाव छापण्यापुरती नाही. शाळा, पत्ता किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील तिच्यात येतो. परंतु ज्या प्रसंगी कायदा काहीच बोलत नाही तेथे छायाचित्रकाराची खरी पारख होते, आणि असा एक प्रसंग दर जूनमध्ये महाराष्ट्राच्या गावोगावी घडतो, तो म्हणजे वह्यावाटप.

या कार्यक्रमाचे छायाचित्र जवळून पाहावे. मध्यभागी एक मूल असते, त्याच्या हातात सहा वह्यांचा गठ्ठा असतो, आणि त्या एका गठ्ठ्याला पाच मोठ्या माणसांचे हात लागलेले असतात, कारण प्रत्येक देणाऱ्याला चित्रात दिसायचे असते. सगळे समोर पाहत असतात. मूल तेवढे वह्यांकडे किंवा स्वतःच्या पायांकडे पाहत असते. पुढे हे चित्र छापून येते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते मूल ‘वह्या मिळालेले’ म्हणून ओळखले जाते. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, मदत खरी असते आणि तिची बातमी द्यायलाही हरकत नाही; प्रश्न चौकट कोठे आखायची एवढाच असतो. गठ्ठ्यांची रास, नावे घालण्यासाठी टेबलाभोवती जमलेली मुले, नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढणारा हात, यांपैकी कोणतेही चित्र तीच बातमी सांगते आणि कोणा एका मुलावर गरिबीची पाटी लावत नाही. हा पर्याय सुचवायला धैर्य लागते, कारण संयोजक ओळखीचे असतात. तरी तो सुचवलाच पाहिजे, आणि ज्याला तो गावात सुचवता आला नाही त्याला पुढे पूरग्रस्तांच्या छावणीत तो सुचण्याची आशा फार थोडी.

याला जोडूनच सचोटीचा एक नियम येतो. समूहछायाचित्र हे उघडउघड बसवलेले असते, ते तसे असल्याचे वाचकाला दिसते, आणि म्हणून त्यात फसवणूक नसते. परंतु हार घालून झाल्यावर ‘साहेब, पुन्हा एकदा’ म्हणून तो पुन्हा घालायला लावणे, हरलेल्या खेळाडूला डोळे पुसण्याची खूण करणे किंवा वृक्षारोपणाचे रोप कॅमेऱ्यासाठी दुसऱ्यांदा खड्ड्यात ठेवायला लावणे, यांतून जे तयार होते ते बातमीचे छायाचित्र राहत नाही. लहान कार्यक्रमांत ही सवय सहज लागते, कारण तेथे कोणी आक्षेप घेत नाही. आणि म्हणूनच ती तेथेच मोडायला हवी.

होमाई १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या, ब्रिटिश माहिती सेवेत रुजू झाल्या, आणि पुढची जवळजवळ तीन दशके देशाचे मोठे क्षण त्यांच्या कॅमेऱ्यासमोर घडले. फाळणीच्या योजनेला मान्यता देणारी १९४७ ची बैठक, लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, माउंटबॅटन यांचे प्रयाण, गांधीजींची आणि नेहरूंची अंत्ययात्रा. या चित्रांत सत्तेचा थाट आहे, पण माणसे सैल आणि सहज आहेत. नेहरूंची तर कित्येक चित्रे एखाद्या घरच्या समारंभात काढल्यासारखी वाटतात. सहलीच्या चित्रांतून आलेली नजर दिल्लीत तशीच टिकली, असे म्हणायला यात पुरेसा आधार आहे. १९७० मध्ये त्यांनी हा व्यवसाय सोडला, आणि नव्या पिढीच्या छायाचित्रकारांच्या वागण्यातली मर्यादा सुटत चालली, हे त्याचे एक कारण त्या सांगत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले.

एकेका चित्राकडून चित्रमालिकेकडे, म्हणजे एकच विषय अनेक चित्रांतून उलगडणाऱ्या मांडणीकडे, जाण्याची वाटही याच जागी सुरू होते. अमेरिकी छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी १९४८ मध्ये कोलोराडोतील एका खेड्यातल्या डॉक्टरची जी प्रसिद्ध मालिका केली, तिच्यासाठी ते २३ दिवस त्याच्याबरोबर राहिले होते. मराठीत संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांचे आणि वारीचे जे काम केले आहे, त्यामागेही पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे जाण्याची चिकाटी आहे. शाळेतल्या छायाचित्रकाराला हे दीर्घ सान्निध्य आयते मिळते. पाचवीतली धावपटू दहावीपर्यंत त्याच्या डोळ्यासमोर असते, आणि सहा वर्षांच्या सहा क्रीडादिनांची चित्रे शेजारी शेजारी लावली की मालिका बनते.

अट एवढीच की ती चित्रे हाती राहिलेली असली पाहिजेत. बहुतेक शाळांत जुनी छायाचित्रे मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सापडतात, पावसाळ्याच्या दमटपणाने एकमेकांना चिकटलेली, आणि सोडवताना चेहऱ्यांवरचा थर उचलून येतो. नव्या चित्रांची अवस्था याहून बिकट आहे, कारण ती मोबाइलबरोबर हरवतात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना आकसून छपाईच्या उपयोगाची राहत नाहीत. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवावी, फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस आणि कार्यक्रम असावा, आणि वर्षाकाठी निवडक वीस-पंचवीस चित्रांच्या कागदी प्रती काढून त्या आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालाव्यात. प्रतीच्या मागे बॉलपेनने लिहू नये, कारण त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेशी लिहावे: तारीख, ठिकाण, डावीकडून सगळ्यांची नावे, आणि शेवटी चित्र काढणाऱ्याचे किंवा काढणारीचे.